सर्दी-फ्लूचे दिवस: गोळ्यांच्या आधी झोप

एखाद्याला सर्दी किती झाली आहे, हे मोजायचे कसे? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या प्रयोगांत यासाठी वापरलेली पद्धत विलक्षण साधी होती. स्वयंसेवकाने नाक शिंकरून टाकलेला प्रत्येक कागदी रुमाल बंद पिशवीत जमा करायचा, त्या पिशव्यांचे वजन करायचे आणि त्यातून पिशवीचे व कोऱ्या रुमालांचे वजन वजा करायचे. उरला तो शेंबूड. नाक किती चोंदले आहे हे पाहण्यासाठी नाकपुडीत रंगाचा थेंब सोडायचा आणि तो घशापर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर मोजायचे. शेंबूड एकंदर दहा ग्रॅमांच्या वर भरला किंवा त्या थेंबाला नेहमीपेक्षा सरासरी सात मिनिटे अधिक लागली, आणि विषाणूची लागण झाल्याचेही तपासणीत दिसले, तरच त्या माणसाला सर्दी झाली असे धरले जाई.

या प्रयोगांतले स्वयंसेवक निरोगी असत. त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले जात आणि नंतर काही दिवस त्यांना हॉटेलमधल्या स्वतंत्र खोल्यांत वेगळे ठेवले जाई. कोण गर्दीत फिरले, कोणाच्या घरात शाळकरी मुले आहेत, कोणाला कोणाकडून लागण झाली, हे सगळे प्रश्न अशा मांडणीत आपोआप गळून पडतात, कारण विषाणू सर्वांनाच दिलेला असतो. आणि तरीही सगळे आजारी पडत नाहीत. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात 153 स्वयंसेवक होते. त्यांतील बहुतेकांना लागण झाली, पण वर सांगितलेल्या कसोटीवर उतरणारी सर्दी झाली ती जेमतेम एक तृतीयांश लोकांना. बाकीच्यांच्या नाकात विषाणू होता, शरीराने त्याची दखलही घेतली होती, पण ते दोनतीन शिंकांपलीकडे काही न होता आपापल्या घरी परतले. विषाणू शरीरात शिरणे आणि माणूस आजारी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या हातात जे काही थोडेफार आहे ते मुख्यतः या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

हवा बदलू लागली की नातेवाइकांचे आणि मैत्रिणींचे एकाच आशयाचे निरोप मला येऊ लागतात: प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ? मी डॉक्टर नाही; घरात दम्याचा त्रास असलेले माणूस असल्यामुळे साधी सर्दीही आमच्याकडे साधी राहत नाही, म्हणून या विषयावर जे विश्वासार्ह लिहिले जाते ते वाचत आले आहे, एवढाच माझा अधिकार. त्या वाचनातून माझे झालेले मत असे आहे की, ‘काय घेऊ’ या प्रश्नाला सांगण्यासारखे उत्तर फार थोडे आहे. ज्या गोष्टींचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे त्यांतील जवळजवळ कोणतीच गिळायची नसते.

मुळात प्रतिकारशक्ती जितकी जोरदार तितके चांगले, ही समजूतच तपासून घेण्यासारखी आहे. सर्दीचा सर्वांत सामान्य विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत, आणि सर्दी घडवून आणणाऱ्या सगळ्या विषाणूंची मोजदाद केली तर आकडा दोनशेच्या पुढे जातो. हा ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या आतल्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. नाक वाहणे, घसा खवखवणे, अंग मोडून येणे, ताप चढणे ही बहुतांश आपल्याच शरीराने सुरू केलेल्या प्रतिकाराची लक्षणे असतात; पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि आपण रुमाल शोधू लागतो. प्रतिकार सरसकट वाढवणारे एखादे औषध खरोखरच अस्तित्वात असते, तर त्याने कदाचित शेंबूडच वाढवला असता. ॲलर्जी आणि शरीराने स्वतःच्याच पेशींवर हल्ला चढवण्याचे आजार ही अतिउत्साही प्रतिकाराचीच उदाहरणे आहेत. शरीराला हवा असतो तो वेळेवर सुरू होणारा, नेमका आणि काम होताच थांबणारा प्रतिकार, आणि तशी व्यवस्था निरोगी माणसाच्या शरीरात मुळातच असते. आपण तिच्या आड येऊ नये, हे आपले काम.

तिच्या आड येण्याचा आपला सर्वांत लाडका मार्ग म्हणजे अपुरी झोप. वर उल्लेखलेल्या 2009 च्या अभ्यासात विषाणू देण्यापूर्वी दोन आठवडे प्रत्येक स्वयंसेवकाला रोज आदल्या रात्रीच्या झोपेबद्दल विचारले गेले होते. सरासरी सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा त्याहून अधिक झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. झोपेची प्रत तर तासांपेक्षाही बोलकी ठरली: अंथरुणावर घालवलेल्या वेळापैकी 92 टक्क्यांहून कमी वेळ ज्यांची प्रत्यक्ष झोप लागत होती, त्यांना धोका साडेपाच पट होता, आणि ही तुलना 98 टक्के किंवा अधिक वेळ शांत झोपणाऱ्यांशी होती. माणसे आपल्या झोपेबद्दल जे सांगतात त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून 2015 च्या पुढच्या अभ्यासात 164 जणांच्या मनगटांवर हालचाल नोंदवणारे उपकरण बांधून झोप मोजली गेली. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक निघाली. वय, ऋतू, धूम्रपान, त्या विषाणूविरुद्धची आधीपासूनची प्रतिपिंडे (विषाणूला अडवण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी) अशा अनेक घटकांचा हिशेब धरूनही हा फरक टिकून राहिला.

कमी झोपणारी माणसे इतर अनेक बाबतींतही वेगळी असू शकतात, त्यामुळे केवळ निरीक्षणावर विसंबून झोपेलाच सगळे श्रेय देणे घाईचे झाले असते. परंतु 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात निरोगी तरुणांची झोप मुद्दामच तोडली गेली होती. काही रात्री त्यांना फक्त चार तास झोपू दिले आणि त्याच काळात फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनंतर त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण नेहमीप्रमाणे झोपणाऱ्या तरुणांच्या निम्म्याहूनही कमी होते. यामागचे एक कारण 2019 साली जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. रोगग्रस्त पेशीचा नायनाट करायचा तर टी-पेशीला, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीला, आधी तिला चिकटावे लागते, आणि या चिकटण्याला ॲड्रेनलिनसारखी तणावाची संप्रेरके अडथळा आणतात. झोपेत या संप्रेरकांची पातळी उतरते, त्यामुळे टी-पेशींची पकड सुधारते. आपण जागे राहून जे काही करत असतो, ते करताना ही पकड सैल असते.

म्हणून आमच्या घरी हवा बदलू लागली की पहिला बदल होतो तो रात्रीच्या वेळापत्रकात. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लागतो, झोपायला कितीही वाजले तरी उठण्याची वेळ शक्यतो तीच राहते, आणि दुपारनंतर चहा-कॉफी बंद होते. तान्ह्या बाळाच्या आईला किंवा रात्रपाळी करणाऱ्या माणसाला ‘आठ तास झोपत जा’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळणे आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना सल्ला देण्याऐवजी घरातल्या इतरांनी एखादी रात्र, किमान पहाटेचे तीन तास, आपल्या अंगावर घेतले तर त्याचा उपयोग कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त होईल.

आता गिळण्याच्या गोष्टींकडे वळते. आमच्या औषधांच्या खणात पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची एक नळी आहे. तिचे झाकण नीट न लागल्यामुळे आत दमट हवा शिरली, कडेच्या गोळ्यांवर पिवळट तपकिरी डाग पडले आणि दोन गोळ्या एकमेकींना चिकटल्या. हवा आणि ओलावा लागला की हे जीवनसत्त्व असे खराब होत जाते. कोणीतरी प्रेमाने आणून दिलेली ती नळी तशीच पडून आहे, आणि ती कोणी संपवावी असा माझा आग्रहही नाही.

सर्दी आणि व्हिटॅमिन सी यांची सांगड लोकांच्या मनात इतकी पक्की होण्यामागे लायनस पॉलिंग या एका माणसाचा मोठा वाटा आहे. 1954 चे रसायनशास्त्राचे आणि 1962 चे शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली, आणि दोन्हींत त्यांना दुसरा वाटेकरी नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाने 1970 साली रोज मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व घेतल्यास सर्दी टळते, असे पुस्तक लिहून सांगितल्यावर लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नाही. त्यानंतर कित्येक चाचण्या झाल्या आणि 2013 साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात त्यांचे एकत्रित निष्कर्ष मांडले गेले. सर्वसाधारण माणसांत, म्हणजे अकरा हजारांहून अधिक सहभागींच्या चाचण्यांत, रोज व्हिटॅमिन सी घेतल्याने सर्दी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. सर्दीचा कालावधी मात्र मोठ्यांत सुमारे 8 टक्के आणि मुलांत सुमारे 14 टक्के घटला. ऐकायला हे बरे वाटते. हिशेब केला तर सात दिवसांच्या सर्दीत मोठ्या माणसाचा जेमतेम अर्धा दिवस वाचतो, आणि तोही सर्दी नसताना वर्षभर रोज गोळी घेतली तर. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेणाऱ्यांत ठाम असा कोणताच फायदा दिसला नाही, आणि नेमके तसेच तर बहुतेक लोक त्या घेतात.

याच आढाव्यात एक अपवाद होता आणि तो मला नेहमी विचार करायला लावतो. मॅरेथॉन धावणारे, बर्फावर घसरणारे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा एकूण 598 जणांच्या चाचण्यांत सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले होते. म्हणजे शरीर कमालीच्या ताणाखाली असेल, तर या जीवनसत्त्वाची गरज वाढत असावी. कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाने यातून फार काही घेण्यासारखे नाही. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी पोटात गेले की रक्तातील पातळी जवळपास कमाल मर्यादेला पोहोचते आणि वरचे लघवीवाटे निघून जाते; एका मध्यम संत्र्यात सुमारे सत्तर मिलिग्रॅम असते. रोज दोन फळे आणि थोडी कच्ची भाजी खाणाऱ्याला नळी उघडायची गरज पडत नाही. दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेतल्यास पोट बिघडू शकते, आणि ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर मोठ्या मात्रांपासून दूरच राहावे.

व्हिटॅमिन डीची कथा थोडी वेगळी आहे, कारण त्याची कमतरता असणारी माणसे जगभर पुष्कळ आहेत आणि प्रतिकारयंत्रणेच्या पेशींना ते खरोखर लागते. 2017 साली 25 चाचण्यांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात रोज किंवा दर आठवड्याला बेताची मात्रा घेणाऱ्यांना श्वसनमार्गाच्या संसर्गापासून थोडे संरक्षण मिळाल्याचे दिसले, आणि ज्यांची पातळी फारच खालावलेली होती त्यांना ते अधिक मिळाले. नंतर आणखी मोठ्या चाचण्या त्यात मिळवल्यावर हा परिणाम पुसट होत गेला. त्यामुळे कमतरता असल्याची शंका असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करावी आणि असेल तर ती भरून काढावी. कमतरता नसताना सर्दीसाठी म्हणून या गोळ्या घेण्यात मला अर्थ दिसत नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, लघवीवाटे सहज निघून जात नाही, म्हणून त्याचा अतिरेक अपायकारक ठरतो.

झिंकच्या चघळण्याच्या गोळ्या पहिल्या चोवीस तासांत सुरू केल्यास सर्दी लवकर आटोपते असे काही चाचण्यांत दिसले आणि काहींत दिसले नाही. तोंडाची चव बिघडणे आणि मळमळणे हे मात्र बऱ्याच जणांच्या वाट्याला आले. नाकात मारायची झिंकची औषधे कोणीही वापरू नयेत, कारण त्यांनी वास घेण्याची क्षमता कायमची जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 सालीच तसा इशारा दिला होता. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे लिहिलेल्या वनस्पतींच्या अर्कांबद्दल एवढेच सांगते की, रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असताना डॉक्टरांना न विचारता त्यांना हात लावू नये. विषही नैसर्गिक असते.

आहाराबद्दल लोक फार लिहितात, मी थोडक्यात आटोपते. पुरेशी प्रथिने, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे आणि पोटभर जेवण एवढे असेल तर एखादा विशिष्ट पदार्थ सर्दी रोखील या आशेने त्याच्या मागे लागू नये. कुपोषणाने प्रतिकारशक्ती ढासळते हे निर्विवाद आहे. म्हणूनच सर्दीच्या दिवसांत वजन झपाट्याने उतरवण्याची कडक पथ्ये सुरू करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मद्यपान आणि धूम्रपान यांविषयी वाचकांना नवे काही सांगायला नको.

ज्या अवयवाकडे आपण या सगळ्या गडबडीत दुर्लक्ष करतो तो म्हणजे नाक, आणि खरी चकमक तर तिथेच झडते. नाकाच्या आत चिकट द्रवाचा थर असतो, त्याखाली केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू एका लयीत हलत असतात, आणि थरात अडकलेली धूळ व विषाणू ते मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे ढकलत नेतात. तिथून ते गिळले जातात आणि पोटातील आम्लात संपतात. हवा कोरडी झाली की हा थर आटतो आणि तंतूंची गती मंदावते. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2019 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात अतिकोरड्या हवेत ठेवलेल्या उंदरांना फ्लूचा आजार अधिक तीव्र झाला, आणि त्यांच्या श्वासनलिकेतील ही साफसफाई मंदावल्याचेही दिसले. त्याच विद्यापीठातून 2015 साली आलेल्या आणखी एका अभ्यासात दिसले की, 37 अंश सेल्सिअसला पेशी ऱ्हायनोव्हायरसविरुद्ध जो प्रतिकार उभा करतात तो 33 अंशांना, म्हणजे गार हवेतल्या नाकाच्या तापमानाला, दुबळा पडतो. त्याही पेशी उंदरांच्याच होत्या, तेव्हा माणसाबद्दल बोलताना थोडे सबुरीने घ्यायला हवे. तरीही थंड हवेत बाहेर पडताना नाकावर मफलर घ्यायला सांगणाऱ्या थोरामोठ्यांची आता कोणी टिंगल करू नये, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

घरातील हवेची सापेक्ष आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असणे चांगले मानले जाते. हीटर किंवा वातानुकूलन सतत चालू असलेल्या बंद खोलीत ती पुष्कळ खाली जाते. आर्द्रता दाखवणारे छोटे उपकरण भिंतीला लावले तर अंदाज घेता येतो. आर्द्रता वाढवणारे यंत्र वापरत असाल तर त्यातील पाणी रोज बदलावे, नाहीतर त्यातून बुरशी आणि जिवाणूच हवेत उडतील, आणि दम्याच्या माणसाला ते सर्दीहून महागात पडेल.

नाका-घशाच्या स्वच्छतेसंबंधीचे दोन अभ्यास मला विशेष आवडतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी चाचणीत स्वयंसेवकांचे तीन गट केले होते: एकाने दिवसातून किमान तीनदा साध्या पाण्याने गुळण्या करायच्या, दुसऱ्याने आयोडीनयुक्त औषधाने, आणि तिसऱ्याने आपले नेहमीचे तेच चालू ठेवायचे. साध्या पाण्याच्या गटात सर्दी-घशाच्या संसर्गाचे प्रमाण सुमारे 36 टक्क्यांनी घटले, आणि औषधाच्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला आणि पुष्कळ मोठा, तेरा हजारांहून अधिक माणसांचा, 2024 साली प्रसिद्ध झालेला. संसर्गाची पहिली चाहूल लागताच किंवा आजारी माणसाशी संपर्क आल्यावर नाकात मिठाच्या पाण्याचा किंवा जेलचा फवारा मारणाऱ्यांचे सहा महिन्यांतील आजाराचे दिवस सरासरी सव्वाआठवरून साडेसहाच्या आसपास आले. व्हिटॅमिन सीच्या अर्ध्या दिवसापुढे ही बचत ठेवून पाहावी. त्याच चाचणीतील आणखी एका गटाला व्यायाम आणि ताण हाताळण्याचे मार्गदर्शन दिले होते. त्या गटातही आणि फवारे वापरणाऱ्यांतही अँटिबायोटिक्सचा वापर कमी झाला. घरी मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेले किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) असावे, नळाचे थेट वापरू नये. क्वचित प्रसंगी अशा पाण्यातील अमिबा नाकावाटे मेंदूत शिरून प्राणघातक ठरतो.

व्यायामाच्या बाबतीत मध्यम मार्ग बरा असे दिसते. सुमारे हजार प्रौढांचे बारा आठवडे निरीक्षण करणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासात आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दीचे दिवस जवळजवळ बसून राहणाऱ्यांच्या तुलनेत 43 टक्क्यांनी कमी होते. याउलट 1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी 12.9 टक्के लोकांनी आजारी पडल्याचे सांगितले, तर तयारी करूनही न धावलेल्यांत हे प्रमाण 2.2 टक्के होते. मॅरेथॉनला हजारो माणसे एकत्र जमतात, प्रवास होतो आणि आदल्या रात्री झोप लागत नाही, तेव्हा सगळा दोष धावण्याच्या माथी मारणे मला पटत नाही. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणाऱ्याने यातले काहीच मनावर घ्यायचे कारण नाही.

कोहेन यांचे आणखी एक निरीक्षण येथे नोंदवते, कारण ते औषधांच्या दुकानात कधीच ऐकू येणार नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या, 276 स्वयंसेवकांच्या अभ्यासात ज्यांचे वेगवेगळ्या प्रकारचे नातेसंबंध, म्हणजे जोडीदार, मुले, आईवडील, शेजारी, सहकारी, मित्र वगैरे, तीन किंवा त्याहून कमी होते, त्यांना सहा किंवा अधिक प्रकारचे संबंध असणाऱ्यांच्या तुलनेत सर्दी होण्याची शक्यता चौपट होती. माणसांत मिसळणाऱ्याला विषाणू अधिक भेटतात हे खरे, पण विषाणू सर्वांना सारखाच दिल्यावर एकटी माणसे अधिक आजारी पडली.

विषाणूची गाठच कमी पडावी यासाठीच्या उपायांना कोणी प्रतिकारशक्तीचे उपाय म्हणत नाही, पण प्रतिकारशक्तीवरचा भार ते नक्कीच हलका करतात. बाहेरून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुणे, डोळ्यांना आणि नाकाला विनाकारण हात न लावणे, पाहुणे जमले असताना समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवणे, आणि स्वतःला सर्दी असेल तर मास्क लावणे किंवा सरळ घरी थांबणे. यातले शेवटचे आपल्याला सर्वांत कठीण जाते. शिंकत शिंकत कामावर येणाऱ्याचे कौतुक करण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

‘नैसर्गिक उपाय’ म्हटले की त्यातून लस वगळण्याची प्रथा मला अनाकलनीय वाटते. लसीत विषाणूचा निष्क्रिय किंवा दुबळा केलेला अंश असतो. प्रतिपिंडे तयार करणे, ओळख लक्षात ठेवणे हे पुढचे सगळे काम आपलेच शरीर आपल्याच पद्धतीने करते. फ्लूचा विषाणू आपले रूप सतत बदलत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात, लसीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते. लस टोचल्यावर संरक्षण उभे राहायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून साथ दारात येण्याआधीच ती घ्यायची. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याची शक्यता घटते. आणि टोचून घेण्याच्या आठवड्यात नीट झोपावे, हे 2002 च्या त्या तरुणांनी आपल्यासाठी सिद्ध करून ठेवले आहे.

एवढे करूनही मोठ्या माणसाला वर्षातून दोनतीनदा आणि लहान मुलांना त्याहून अधिक वेळा सर्दी होतेच. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत ओसरते, खोकला मात्र दोनतीन आठवडे रेंगाळू शकतो. विश्रांती, पुरेसे पातळ पदार्थ आणि खोकल्यासाठी चमचाभर मध एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मध एक वर्षाखालील बाळाला मात्र कधीही देऊ नये, कारण त्यातून त्याला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल घेताना सर्दीच्या संमिश्र गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत, कारण त्यांतही पॅरासिटामॉल असते आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊन यकृतावर बेतू शकते. मुलांना आणि किशोरवयीनांना ॲस्पिरिन देऊ नये. अँटिबायोटिक्स विषाणूंवर चालत नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी ती लिहून दिली नाहीत तर रुसू नये.

फ्लू मात्र सर्दीसारखा हळूहळू चढत नाही. काही तासांत सणसणून ताप येतो, अंग ठणकते आणि उठवत नाही. पासष्टच्या पुढची माणसे, गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले, आणि दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले रुग्ण यांच्या बाबतीत अशा वेळी वाट पाहू नये, कारण फ्लूवरील विषाणूरोधक औषधांचा उपयोग लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत ती सुरू केल्यास सर्वाधिक होतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, असंबद्ध बोलणे, किंवा एकदा उतरलेला ताप पुन्हा जोराने चढणे, यांपैकी काहीही दिसले तर वय आणि आधीची प्रकृती कशीही असली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आमच्या घरी तापमापक, श्वासाने आत घ्यायच्या औषधाचा जादा पंप आणि डॉक्टरांचा क्रमांक हे तिन्ही त्याच खणात ठेवलेले असतात.